तिसऱ्या मजल्यावरची सायकल

बाईंनी सायकलीची घंटी काढून टाकली आणि शाळेतली जुनी शिट्टी गळ्यात अडकवली. सात रस्त्याला एखादी रिक्षा आडवी आली की त्या अशी शिट्टी फुंकत, की रिक्षावाला सोडाच, चौकातला पोलीससुद्धा दचकून मागे बघे. मी म्हटलं, "बाई, घंटीचं वजन ते केवढं?" त्या म्हणाल्या, "घंटीचं वजन सायकलीत धरतात. शिट्टीचं माझ्यात." हे उत्तर बरोबर आहे की चूक, याचा विचार मी घरी जाईपर्यंत करत होतो.

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या पी.टी.च्या बाई. मूळच्या मंद्रूपच्या. शाळेत आमच्याशी शुद्ध मराठी बोलत. निवृत्त झाल्या आणि गावाकडचं 'हाय-न्हाय' परत तोंडात आलं. साठी उलटल्यावर त्यांनी सायकल घेतली, तीही साधी नाही, डोंगरातल्या वाटांवर पळवायची. सोलापूरच्या आसपास डोंगर औषधालाही नाही, म्हणून मी चिडवलं, तर म्हणाल्या, "खड्डे हायत की."

आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो. मी तळमजल्यावर, बाई तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. रोज फिरून आल्या की त्या सायकल खांद्यावर घेऊन वर नेत. कुणाला हात लावू देत नसत. त्यांचे यजमान गेल्यापासून पुण्यातला मुलगा मागे लागला होता, की इथलं आवरून माझ्याकडे चल. बाईंना सोलापूर सोडायचं नव्हतं. अशातच त्यांचा उजवा खांदा धरला. एकदा माझ्याच घरी चहा पिताना मायलेकांची जुंपली आणि मुलगा म्हणाला, "आई, ज्या दिवशी ही सायकल तुला एकटीला वर नेता येणार नाही, त्या दिवशी पुण्याला यायचं." बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ठरलं."

मला वाटलं, गंमत चाललीय. मुलगा गेल्यावर मी सहज सुचवलं, की सायकल माझ्या पॅसेजमध्ये ठेवत जा, वर न्यायचा प्रश्नच मिटला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा आठवीत जाऊन बसलो. "खो मिळायच्या आधी उठलं तर काय असतं?" "फाउल, बाई." "मग?" यात खो-खो कुठून आला, ते माझ्या डोक्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई सायकलीतून एकेक वस्तू काढायला लागल्या. स्टँड गेला, मडगार्ड गेले. पेडलजवळच्या तीन दातेरी चक्रांपैकी एकच राहिलं. सीटचा दांडा बदलला. कार्बनचं हलकं हँडल तर पुण्याहून मुलानंच कुरिअरनं पाठवलं. ज्याला आईनं हरायला हवं होतं, तोच असं का करतो, हे मी बाईंना विचारलं. "त्याला विचार की," एवढंच म्हणाल्या, पण दिवसभर खुशीत होत्या. प्रत्येक वेळी त्या सायकल कोपऱ्यावरच्या भंगारवाल्या चाचांच्या वजनकाट्याला लटकवत. चाचा दर वेळी आशेनं विचारत, "बाई, आज तो देते ना?"

एवढं करून रविवारी आम्हा चार-पाच जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन सायकलीवर हिप्परगा तलावाकडे निघाल्या, की पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या आणि आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी कडक भाकरी नि शेंगाचटणी. "बाई, हे वजन नाही का?" "ते तळ्यावर संपतं. जिन्यापर्यंत येत न्हाय." हेही बरोबरच होतं. बाईंशी बोलताना नेहमी असं व्हायचं. त्यांचं प्रत्येक वाक्य पटायचं आणि सगळं मिळून काही कळायचं नाही.

मग त्यांनी पातळ, हलके टायर बसवले. पहिल्याच रविवारी वेड्या बाभळीच्या काट्यांनी दोन्ही टायर बसले आणि आम्ही तलावापासून चालत घरी आलो. जाड टायर परत आले, वजन परत वाढलं. ते भरून काढायला बाईंनी पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगाच काढल्या आणि चाक धरायला साधा, बिनस्प्रिंगांचा चिमटा बसवला. काटा झर्रकन खाली आला. त्या दिवशी त्यांनी चाचांना चहा पाजला.

पण स्प्रिंगा जो धक्का खात होत्या, तो आता थेट हातात येऊ लागला. थोड्या दिवसांनी बाई दाराची कडी डाव्या हातानं काढताना दिसल्या. मी म्हटलं, "बाई, स्प्रिंगा परत लावा." "मग जिना?" "पण खांदा?" "खांदा वाचवायचा तर सायकल जड हुतीय. सायकल जड झाली की खांदा लागतो. आता तूच सांग." मी दिवसभर ऑफिसात हिशेब करणारा माणूस, पण मला हे सुटेना. फिरणं थोडं कमी करा म्हटलं, तर शांतपणे म्हणाल्या, "मग पुण्यानं काय वाईट केलंय?"

एका रविवारी दुपारी तळ्यावरून येऊन मी घरात शिरलो, तोच बाहेरून शिट्टी ऐकू आली. नेहमीची नाही, अगदी छोटी. बाई जिन्यापाशी उभ्या होत्या. "अरे, जरा सायकल वर घे की."

मला इतका आनंद झाला, की मी चपलाही घातल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंनी मला काम सांगितलं होतं. सायकल एका हातानं उचलली गेली. मी दोन-दोन पायऱ्या चढत ओरडत होतो, "काय हलकी केलीय हो बाई, मस्तच." तिसऱ्या मजल्यावर सायकल दाराशी टेकवून वळलो. बाई डाव्या हातानं कठडा धरून सावकाश वर येत होत्या. मी काय करून बसलो, ते मला तेव्हा कळलं.

"बाई, मी कुणाला सांगणार नाही."

"कुणी बघितलं न्हाय, म्हणून फाउल होत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या आणि डाव्या हातानं फोन लावला. "हां, आई बोलतीय. गाडी घेऊन ये."

त्या दिवशी त्यांना सायकल खरंच उचलत नव्हती, की त्यांनीच मनाशी काही ठरवलं होतं, मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. मला त्यांची फार आठवण येते. सायकल माझ्या पॅसेजमध्ये आहे, मी पहिल्या दिवशी सांगितली होती त्याच जागी. जाताना म्हणाल्या, "स्प्रिंगा परत बसव. तुला कुटं जिना चढायचाय." मी त्या बसवल्या, घंटीही लावली.

शिट्टी मात्र त्या सोबत घेऊन गेल्या.