जोडाक्षराआधीचा हुंकार

भुताखेताच्या गप्पा रंगल्या की मी आजही उठून चहा टाकायला जाते. छप्पन साली दीक्षा घेतलेलं आमचं घर... अंगारे, उतारे, लिंबू-मिरच्या, सगळं दाराबाहेर गेलं ते गेलंच. कुणी अंगात येतं म्हणालं की आई सरळ तोंडावर हसायची. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण झालं ते झालं.

साल त्र्याऐंशी किंवा चौऱ्याऐंशी. नागपुरात लकडगंजच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांत आम्ही मायलेकी राहत होतो. मी एका कचेरीत टायपिस्ट. बाबा मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे त्यांचा आवाज मला आठवायचा प्रश्नच नाही.

आईचा एक डोळा आधीच गेलेला. त्या उन्हाळ्यात दुसऱ्या डोळ्याच्या आतला पडदाही सरकला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर पट्टी बांधून उताणं पडून राहायला सांगितलं – मान हलवायची नाही, दिसेल की नाही ते पट्टी उघडल्यावरच कळेल. आता आईचा जीव सगळा वाचनात. लग्नानंतर बाबांनी तिला पाटीवर अक्षरं शिकवली आणि मग ही बाई जी सुटली... लायब्ररीवाले म्हणायचे, काकू, तुमच्यासाठी आता नवीन कपाट आणावं लागते.

"आंधळेपणाचं भेव नाई वं मले," ती म्हणाली. "पण वाचता नाई आलं तर मी पुन्हा अडाणी होईन."

मी तेवढ्यावरच उठले. मामेभावाचा टेपरेकॉर्डर मागून आणला, सीताबर्डीवरून कोऱ्या कॅसेटी घेतल्या. रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून मी पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करायची आणि कचेरीत जायची. दिवसभर आई चाचपडत बटण दाबून ऐकायची. रहस्यकथा झाली, प्रवासवर्णन झालं, मग विनोदी, मग एक जाडजूड चरित्र. संध्याकाळी शेरे तयारच असायचे. "खुनी कोण हे मले पहिल्याच पानात समजलं होतं." नाहीतर, "एवढा खर्च करून बर्फ पाहाले गेला? येडाच दिसते."

चरित्र सुरू केलं तेव्हाची गोष्ट. मी घरी आले तर आई म्हणाली, "तू वाचते तवा संगं कोण बसते वं?"

"कोणी नाई."

"मंग हुंकार कोण देऊन राहिला?"

आमच्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणत राहावं लागतं, नाहीतर सांगणारा थांबतो. मला वाटलं, पडून पडून आईला भास होताहेत. कॅसेट लावली... आणि माझ्या वाचण्याच्या मध्येच, अगदी स्पष्ट, पुरुषाचा खालच्या पट्टीतला आवाज. हूं.

पण हुंकार देतात वाक्य संपल्यावर. हा वाक्याच्या मध्येच यायचा, कुठेही. मी तसं म्हटलं तर आई हळूच बोलली, "कुठंही नाई. पुस्तक घेऊन पाह्य."

पुस्तक हातात घेऊन ऐकलं. दुर्भिक्ष्य. कर्तृत्व. ज्योत्स्ना. प्रत्येक अवघड जोडाक्षराच्या आधी – मी तर कुठेच अडखळले नव्हते – आधी तो "हूं", मग माझा शब्द.

"मी शिकत होती तवा जोडाक्षर आलं का अडत जाओ," आई म्हणाली. "तर तुहे बाबा आधीच हूं करत. म्हणजे भेऊ नको, म्हण."

हे तिनं मला तोवर कधीच सांगितलं नव्हतं. मी टेप बंद केला.

मामेभाऊ आला, ऐकून म्हणाला, "जुनी रेकॉर्डिंग राहिली असन, ताई." मी म्हटलं, कोऱ्या कॅसेटवर? "मंग मशीनच बिगडली," म्हणाला आणि टेपचं हेड पुसून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हूं. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. टेप करताना पाठीमागे बघावंसं वाटायचं आणि बघायची हिंमत व्हायची नाही. बंद करू का विचारलं तर आईनं माझा हात धरला.

"राहू दे वं. मले वाटते, मीच वाचून राहिली."

महिना संपत आला होता. एक दिवस मी घरात पाऊल टाकलं आणि आई म्हणाली, "आज हूं नाई आला." त्यानंतरच्या कॅसेटवरही नाही. मी मुद्दाम संस्कृत शब्दांनी खच्चून भरलेलं पुस्तक आणून वाचलं, तरी नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"बरं झालं, मशीन सुधरली," मी म्हटलं.

 आईच्या पट्टीखालून पाणी कानाकडे ओघळलं तेव्हा मी घाबरले, कारण रडायची तिला सक्त मनाई होती. पण ती म्हणाली, "आता रडलं काय अन् नाई काय. हूं वाचणाऱ्याले देत होते ते. ऐकणाऱ्याले नाई. मी आता ऐकणारीच राहिली."

मी रागावले. नाही नाही ते मनात आणतेस, म्हटलं. तिनं चाचपडत टेपचं बटण दाबलं.

ठरल्या दिवशी पट्टी उघडली. डॉक्टरांनी टॉर्च मारला, बोटं धरली, किती ते विचारलं. "उजेडच नाई साहेब, तर बोटं कुठची," आई म्हणाली. आवाज इतका शांत की डॉक्टरच खाली बघायला लागले.

पुढे जगली तोवर मी तिला वाचून दाखवत राहिले. आवाज पुन्हा आला नाही. कोऱ्या कॅसेटवर तो कसा उमटला, हे कोडं मी मरेपर्यंत सोडवू शकणार नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नाही. पण डॉक्टरांना जे पट्टी उघडल्यावर कळलं, ते त्या आवाजाला आधीच कसं ठाऊक होतं... आणि ठाऊक होतं, तर इतके दिवस तिला आशा तरी का लावली?