जाळीवालीनं बसवलेलं इंजिन

खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे जाळीवालीच म्हणत. काम झालं की ती गिऱ्हाइकाला सांगायची, "हलवून बघा." माणूस गदागदा हलवायचा, आणि जाळी हूं की चूं करायची नाही.

तिच्या थोरल्या भावाच्या टॅक्सीचं इंजिन जाम झालं, तेव्हा त्यानंही हातपाय गाळले. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. शनिवारी भंगारवाला गाडी ओढून नेणार होता. गाडी गेली की हा पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तिनं अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं धडधाकट इंजिन भंगाराच्या भावात आणलं.

"शेळीला बैलाची शिंगं लावतेस?" भाऊ पडल्यापडल्या म्हणाला.

"लावते. तू फक्त मधे मधे करू नकोस, दादा."

साखळीच्या पुलीला टांगून तिनं इंजिन गाडीच्या पोटात अलगद उतरवलं. ते इकडेही टेकेना, तिकडेही टेकेना. दोन्ही बाजूंना वीतभर पोकळी. त्या पोकळीत पुठ्ठा धरून तिनं आकार कातरला, जाड पत्र्यावर उतरवला, कापला, वाकवला. व्हॅनच्या जुन्या आधारांना चिकटलेलं कुजकं रबर तिनं कचऱ्यात टाकलं आणि पत्र्याचे आपले नवे आधार सगळ्या कडांनी वेल्ड करून टाकले.

शुक्रवारी सकाळी तिनं आग्रह केला, म्हणून भावानं चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि अख्खी गाडी हीव भरल्यासारखी थडथडू लागली. दारं वाजली. बाजूचा आरसा गळून पडला.

"वन्सं, हे इंजिन आहे की पिठाची गिरणी?" वहिनी दारातून ओरडली.

भावानं चावी बंद केली. जाळीवालीनं आधार धरून हलवून बघितला. तसूभर हलला नाही.

"माझं काम पक्कं आहे," ती रडवेली होऊन म्हणाली.

"तेच तर! रबरं कुठायत?"

"ती कुजकी? फेकली."

"अगं बये, इंजिनाच्या गाद्या होत्या त्या! खिडकी भिंतीत गप्प बसते. इंजिनाला अंग हलवायला जागा नको?"

उभा जन्म तिनं हलणाऱ्या वस्तूंना गप्प बसवण्यात घालवला होता. स्वतःचं वेल्डिंग तिनं कधी कापलं नव्हतं; आता तिनं कटर उचलून आधारावर टेकवला.

"थांब, वाकडं कापशील," म्हणत भाऊ बाह्या सरसावून गाडीखाली शिरला. मग चपला अडकवून टायरवाल्याकडे गेला आणि ट्रकच्या रबराचे जाड तुकडे घेऊन आला. दुपारभर दोघं भांडत होती: गादी जाड की पातळ, बोल्ट किती आवळायचा.

"एवढी अक्कल होती, तर इतके दिवस झोपला कशाला होतात?" वहिनीनं चहा देताना विचारलं. त्यानं कप बाजूला ठेवला आणि पाना मागितला.

शनिवारी भंगारवाल्यानं आपला ट्रक फाटकासमोर आडवा लावला. आत टॅक्सी सुरू होती. इंजिन आपल्या जागी हलकेच डुलत होतं आणि दारं मुकाट होती. जाळीवालीनं बॉनेटवर तळवा ठेवला, मग उचलला.

भावानं काचेतून मान बाहेर काढली.

"अहो, ट्रक जरा मागे घ्या. मला धंद्यावर निघायचंय."