काकूंच्या हातात दिली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता माझाच मला इतका राग येतो की तोंड बंद ठेवणं जमत नाही.

माझ्याकडे एक जुनी अमेरिकन रेकॉर्ड आहे. पंधरा-सोळा जणांच्या मोठ्या बँडची, स्विंग जॅझची. ठाण्यात आम्ही काही रिटायर्ड मंडळी रविवारी सकाळी जमून रेकॉर्डी ऐकतो. दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "ती लाव रे." लावली की गप्पा थांबतात. ट्रम्पेटची रांग एका श्वासात उठते. ताल घड्याळासारखा पडत नाही, केसभर मागे रेंगाळतो — आणि तेवढ्यात गुडघे दुखणारी माणसंही पाय हलवायला लागतात. आजोबांच्या काळातलं संगीत. शिळं का होत नाही?

"कुठे मिळाली?" असं विचारतात. मी सांगतो, चोरबाजारात. त्या शब्दातला अर्धा भाग तरी खरा आहे.

ती काशिनाथकाकांची. कल्याणला चाळीत आमच्या शेजारी राहायचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे. मुंबईच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकर मित्राने त्यांना ती दिलेली. त्यातला क्लॅरिनेटचा तुकडा ते नुसत्या कानाने बसवत होते. मी कॉलेजातून आलो की मला बाजूला बसवायचे. म्हणायचे, "ऐक, सोळा माणसं आणि दम एक. आमच्यात दोघांचा जुळला तरी बँडचा मालक पेढे वाटेल."

मी ती आठ दिवसांसाठी मागून घेतली. मग परत द्यावीशी वाटेना. एवढंच. गरज नव्हती, अडचण नव्हती — हाव होती. त्यात आम्ही डोंबिवलीला, मानपाड्याला राहायला गेलो. महिन्याभराने काका विचारायला आले, तेव्हा ती माझ्या कपाटात शर्टांखाली होती.

"दिली की," मी म्हणालो. "तुम्ही वाजवायला गेलेलात. काकूंच्या हातात दिली."

काकूंचं नाव का घेतलं? कारण शेवंताकाकू भांडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. विचार करून घेतलं.

काकांनी घर उलटंपालटं केलं. तो क्लॅरिनेटचा तुकडा अर्धाच राहिला. काकू आधी ठाम नाही म्हणाल्या. मग काका रोज बोलायला लागले आणि काकूंचा आवाज खाली येत गेला. मी भेटायला गेलो, तर मलाच म्हणाल्या, "तू दिलेलीस ना रे? मग मी कुठे ठेवली असेल?" माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी, स्वतःवर नाही. "असू दे काकू, होतं असं," मी म्हणालो. वर चहा प्यायलो — त्यांच्याच हातचा.

त्यानंतर त्या घरात काहीही हरवलं — किल्ली, रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी — की काकूच विसरल्या असणार. सुना-नातवंडांपर्यंत हे पोचलं. "आजीकडे काही देऊ नका, ती हरवते." अरे, चाळीतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस त्या बाईला पाठ होता. ती खरं बोलत असेल, असं एकालाही वाटू नये? पण त्यांच्यावर चिडायचा मला काय अधिकार? मीच तर शिकवलं त्यांना.

गेल्या वर्षी काकू गेल्या. टिटवाळ्याला त्यांच्या मुलाकडे गेलेलो. बुद्धवंदना झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. ब्याऐंशीचं वय.

"त्या रेकॉर्डवरून मी तिला फार बोललो रे. चूक तिचीच होती, पण जन्मभर बोलायला नको होतं."

नाही काका, चूक माझी — एवढे चार शब्द म्हणायचे होते. ते रडत होते आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो. म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका. माझ्यासमोर त्या कधी तक्रार करायच्या नाहीत."

हेही वापरलं मी. काकूंचं न बोलणंसुद्धा.

पुढच्या रविवारी ठाण्यात तीच रेकॉर्ड लावली. सगळ्यांनी मान डोलावली, मीही. वाजलीही सुंदर — त्याचाच जास्त संताप येतो. काका अजून आहेत. कान शाबूत आहेत. टिटवाळा इथून तासाभरावर आहे, आणि ती रेकॉर्ड घेऊन मी अजून गेलेलो नाही.