नळाला मुंग्या येत्यात

आमचं घर बांधून झालं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, कोल्हापुरात, तेव्हा गावाच्या कडेला असलेल्या एका वसाहतीत. वायरिंगसाठी नवऱ्याने एक वयस्कर वायरमन आणले होते. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणू लागले. मी शाळेत शिकवायचे म्हणून ते मला बाई म्हणत. माणूस कमी बोलणारा, पण कामाचं समजावून सांगायला कंटाळायचा नाही. परसात खड्डा काढून त्यात कोळसा आणि मीठ घालून त्यांनी अर्थिंग केलं. मीटरजवळच्या बोर्डात फ्यूजच्या शेजारी एक काळा खटका बसवला आणि मला मुद्दाम बोलावून दाखवला.

"ह्यो अर्थ लिकेजचा स्विच. करंट कुठं गळाय लागला तर ह्यो आपोआप पडणार, सगळ्या घराची लाइट जाणार. फ्यूज वायरिंगसाठी असतोय. ह्यो माणसासाठी हाय."

त्यावर एक छोटं बटण होतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला म्हणजे स्विच चांगला आहे, असं समजायचं. मी ते दाबत असे. दोनेक वर्षं सगळं ठीक चाललं.

मग एका पावसाळ्यात तो खटका पडायला लागला. परसातल्या टाकीवर पाण्याची मोटार होती. ती चालू केली की पाच मिनिटांत घर बंद. खटका वर करायचा, पुन्हा पाच मिनिटं. चाचांना बोलावलं. त्यांनी मोटारीला हात लावायच्या आधी टेस्टर लावला, लाकडी पाटावर उभे राहून वायर सोडवली, बघितलं आणि म्हणाले, "मोटार ओली झाल्या. आतनं गळत्या. दोन दिवस माझ्याकडं द्या, सोडवून वाळवतो. अर्थची तार पण गंजून तुटल्या, ती बदलतो."

दोन दिवस मोटार नाही म्हणजे वरच्या टाकीत पाणी नाही. आणि चार दिवसांवर नवऱ्याच्या पुतणीचा साखरपुडा, तोही आमच्याच घरी. नवरा मलकापूरला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात आठ-दहा पाहुणे आधीच उतरलेले.

"चाचा, साखरपुडा झाला की घेऊन जा. तोपर्यंत तो खटका पडणार नाही असं काही करा," मी म्हणाले.

"तसलं मी करत न्हाय, बाई."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"चार दिवस मोटार लावू नका. पाणी शेजारनं आणा." एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली.

मला राग आला. हा माणूस उगाच ताणतोय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला मी घरी आणलं. त्याने बोर्ड उघडला, खटक्याच्या वरच्या आणि खालच्या तारा एकमेकींना जोडून टाकल्या आणि झाकण लावलं. मी शेजारी उभी राहून बघत होते. "आता पडायचा न्हाय," तो म्हणाला. खटका बाहेरून तसाच दिसत होता, वर उभा.

साखरपुडा नीट पार पडला. पाहुणे गेले. मोटार चाचांकडे द्यायची मात्र राहून गेली. आज देऊ, उद्या देऊ, असे तीन आठवडे गेले. त्या महिन्यात मी ते बटण दाबलं नाही. दाबून काही होणार नाही हे मला माहीत होतं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी येत. चाळिशीच्या असतील. परसात मोटारीच्या लोखंडी पाइपवरच एक नळ काढलेला होता, त्याखाली त्या धुणं धूत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "वैनी, नळाला मुंग्या येत्यात."

मी बघायला गेले. नळ कोरडा, मुंगी एकही नाही. "तशा न्हाईत वो," त्या म्हणाल्या, "हाताला येत्यात. मोटार चालू असली की."

मला तेव्हाच कळलं. कळलं नव्हतं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले, पण कळलं होतं. मी म्हणाले, "मोटार बंद असताना धुवा मग." आणि शाळेत निघून गेले. त्यानंतर त्यांनी आणखी दोनदा सांगितलं.

सोमवार होता. सकाळी पाणी आलं म्हणून मी मोटार लावली आणि मुलीचा डबा भरायला बसले. परसातून बादली आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर मावशी ओल्या फरशीवर उकिडव्या, उजवा हात नळाला चिकटलेला, तोंड उघडं आणि आवाज नाही. मी त्यांच्याकडे धावले नाही, मीटरकडे धावले आणि मेन स्विच खाली ओढला. त्यानंतरचा धप्प आवाज मला आत ऐकू आला. हात सुटून त्या मागे पडल्या होत्या.

शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात त्यांना शुद्ध होती, पण बोलत नव्हत्या. तळहात भाजला होता, पडताना मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप झालं.

निरोप मिळाल्यावर नवरा संध्याकाळच्या गाडीने आला आणि त्याने आधी चाचांना बोलावलं. चाचांनी बोर्डाचं झाकण काढलं. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. नवरा त्यांच्या पाठीमागे उभा राहून बोलत होता, "तुम्ही केलेलं वायरिंग आहे हे. विश्वासानं दिलं होतं तुम्हाला. बाई मेली असती." शेजारचे दोघं-तिघं दारात उभे होते. जोडलेल्या तारा चाचांनी सोडवल्या, पुन्हा खटक्यातून घेतल्या, मोटार उचलली आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

पंधरवड्यात गल्लीत पसरलं की चाचांचं काम आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. समोरच्या घरी त्यांना नवीन खोलीचं काम दिलेलं होतं, ते दुसऱ्याला गेलं. मला ते समोरच्या वहिनींनीच सांगितलं, चहा पिता पिता. मी कप खाली ठेवला आणि त्यांना आणखी चहा हवा का विचारलं.

मावशींना बघायला मी त्यांच्या घरी गेले. हात प्लास्टरमध्ये. त्यांनी लेकीला पाणी द्यायला सांगितलं, इकडचं तिकडचं बोलल्या. मी उठताना म्हणाल्या, "मी आठ दिस सांगत हुतो की, वैनी." आवाजात राग नव्हता. खरंच कोडं पडल्यासारखं त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, "हो, सांगत होतात."

तिथून मी घरी न जाता चाचांकडे गेले. ते दारात बसून पंखा सोडवत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"बघितलंय की मी," ते म्हणाले. "ती माझी गाठ न्हवं. मी तार तशी पिळत न्हाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मी सांगून कोण ऐकणार हुतं? तुमीच सांगायला पायजे हुतं." पंख्याचं पातं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "सायबांना सांगितलं?"

"नाही."

ते पुन्हा पंख्याकडे वळले.

शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो चप्पल घालून बाहेर पडला. आधी चाचांकडे गेला आणि मग समोरच्या घरी. समोर काय बोलला ते त्याने मला कधी सांगितलं नाही. वहिनी पुढे माझ्याशी नीट बोलल्या, पण चहाला आल्या नाहीत.

मोटार वाळून आली, अर्थची नवी तार लागली. पुढे दोन हजारनंतर आम्ही वर मजला चढवला तेव्हा वायरिंगला चाचाच आले. प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी, नळाच्या लोखंडी पाइपाच्या जागी प्लास्टिकचा पाइप. काम होईपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. रोजा आहे का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. "न्हाय," म्हणाले.

मावशी आमच्याकडे परत आल्या नाहीत. त्यांचं मनगट वाकडंच जुळलं. पिळायची कामं जमेनात. मंडईजवळ त्या लेकीबरोबर कोथिंबीर-मेथी विकायला बसू लागल्या. मी तिथून भाजी घेते. त्या डाव्या हाताने जुडी उचलतात, माझ्या मुलीचं कसं चाललंय विचारतात, आणि मी सांगते.