मूळ आडनाव

पुष्पलता बाभूळगावकर यांचा राग मस्तकात चढायला क्षण लागे, पण तो तोंडावाटे बाहेर पडायला अकरा वर्षं जावी लागली.

आखातात, सनाबिसमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत त्या डॉक्युमेंट कंट्रोलर होत्या. त्यांनी तपासून नंबर टाकल्याशिवाय तिथून एकही ड्रॉइंग किंवा पत्र बाहेर जात नसे. तारीख चुकली की कागद परत, मग तो साहेबाचा का असेना.

ऑफिसचा कारभार विलाससर पाहत. ते पुण्याचे. बाई रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी गोड आवाजात चौकशी केली होती, बाभूळगावकर म्हणजे नक्की कोण, मूळ आडनाव काय? हेच, असं बाईंनी सांगितल्यावर ते नुसते हसले. पुढे व्हिसाच्या कागदांच्या निमित्ताने, एकदा लिफ्टमध्ये, एकदा दिवाळीचा फराळ वाटताना तोच प्रश्न आला. मराठी माणसाला या प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न बरोबर कळतो. जात विचारायची, पण शब्द तोंडाला लागू द्यायचा नाही. बाई दर वेळी राग गिळून ‘हेच’ एवढंच सांगत, कारण नवऱ्याचं, रुपेशचं, काम सुटलं होतं आणि त्याचा व मुलगी मैत्री हिचा व्हिसा बाईंच्याच नोकरीवर होता.

या वर्षी मोठे साहेब, मिस्टर थॉर्नटन, निवृत्त व्हायचे होते. विलाससरांनी त्यांच्यासाठी भेट ठरवली ती थॉर्नटन या आडनावाचा इतिहास, चौकटीत बसवलेला. कुठल्याशा वेबसाइटवरून मजकूर आला. वर ढाल, ढालीवर सिंह, खाली ‘प्राचीन, उमराव घराणं’. तो नेहमीप्रमाणे तपासायला बाईंकडे आला आणि त्यांनी तो नेहमीप्रमाणेच तपासला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत वाचत बसल्या. थॉर्नटन नावाची गावं इंग्लंडात ढिगाने आहेत. थॉर्न म्हणजे काटेरी झाड आणि टन म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपणाची वस्ती. सात-आठशे वर्षांपूर्वी अशा गावातून कोणी बाहेर पडला की नव्या ठिकाणी लोक त्याला सोडलेल्या गावाच्या नावाने ओळखत. तेच पुढे पोराबाळांना चिकटलं. त्यांत जमीनदार होते तसे गडीही होते. आणि ढाल-सिंहाचं चिन्ह मिळे ते एखाद्या माणसाला, सगळ्या आडनावाला नाही.

बाईंनी लाल पेनाने तीन ठिकाणी खुणा केल्या आणि कागद परत नेला. विलाससरांनी तो न बघताच बाजूला सारला. साहेब खानदानी आहेत हे चेहऱ्यावर दिसतं, म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "नाहीतर आपल्याकडे. कोणीही उठतो आणि गावाला ‘कर’ जोडतो. मूळ लपवायला सोय."

बाईंचे कान तापले. हातातलं पेन टेबलावर ठेवून त्या निघून आल्या. घरी रुपेशला सांगितलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला की थोडे दिवस सोसू.

निरोपाचं जेवण जुफैर भागातल्या एका हॉटेलात होतं. साहेबांनी चौकट हातात घेतली, वाचली आणि मोकळेपणाने हसले. आपले आजोबा दुसऱ्याच्या मेंढ्या राखत आणि हा सिंह आपला नव्हे, असं त्यांनी सांगून टाकलं. सगळे हसले. विलाससरांना ते झोंबलं असावं. ते इंग्रजीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आमच्या पुष्पाच्या नावातही गाव आहे, फक्त खरं आडनाव ती अजून कोणाला सांगत नाही.

बाई उभ्या राहिल्या. इंग्रजीतच म्हणाल्या की थॉर्नटन म्हणजे आमच्या भाषेत बाभूळगाव, काट्यांच्या झाडांची वस्ती. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आडनावाच्या जागी जात लिहिली होती. रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागताना वडिलांनी ती खोडून गावाचं नाव लावलं. ते कळल्यावर गावच्या पाटलाने त्यांना चावडीवर बोलावलं होतं. पाटील जे बोलला ते मात्र बाईंनी विलाससरांकडे वळून मराठीतच सांगितलं.

"‘राहाले गावाच्या भायेर, अन् नाव मातर गावाचं लावता काय?’ पाटलाने विचारलं. माझ्या बापाने तेच नाव लावलं आणि पुन्हा त्या गावात पाणी प्यायला गेला नाही. लग्नानंतरही मी तेच नाव ठेवलं. सर, साहेबांच्या नावाची तुम्ही चौकट केलीत. माझ्या नावाखाली काय आहे ते अकरा वर्षं उकरताय. जात विचारायची असेल तर शब्द उच्चारून विचारा."

विलाससर म्हणाले की त्यांचा तसा हेतू नव्हता. बाई म्हणाल्या, "होता," आणि खाली बसल्या. जेवण कोणालाच गेलं नाही. साहेबांना मराठी कळलं नसलं तरी ते विलाससरांकडे बराच वेळ बघत राहिले.

साहेब गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बाईंना पत्र मिळालं. समारंभात अशोभनीय वर्तन, लेखी खुलासा द्यावा. खाली विलाससरांची सही. रुपेशने माफी मागून मोकळं हो म्हणून विनवलं. बाईंनी पत्रावर नंबर टाकून ते फाइलला लावलं आणि चार पानी खुलासा लिहिला. त्यात पहिल्या आठवड्यापासूनचे सगळे प्रसंग तारखेसह होते आणि माफी कुठेच नव्हती. एक प्रत त्यांनी थेट लंडनच्या मुख्य कार्यालयाला पाठवली.

उत्तर महिन्याने आलं. पत्र मागे घेतलं होतं आणि दोघांनी परस्परांशी सौजन्याने वागावं असा सल्ला होता. दोघांनी. तो शब्द वाचून बाईंचं डोकं पुन्हा फिरलं. नोकरी राहिली, व्हिसाही राहिले. विलाससर आता त्यांच्याशी फक्त इंग्रजीत बोलतात, आणि त्यांच्या कागदांत चूक सापडली की बाई पूर्वीसारख्याच ते परत पाठवतात.