तांबूच्या आईची पेज

आमच्या आळीत कुणाकडे बाळ जन्मलं की बारशाची वाट न पाहता तांबूची आई दारात हजर. हातात पितळेचा तांब्या, त्यात तांबूचं दूध, वर केळीच्या पानाचा तुकडा. "बाळंतिणीला द्या," म्हणायची आणि आत डोकावून बाळाचं नाक कुणावर गेलंय ते परस्पर ठरवून टाकायची. तिचं खरं नाव मतदार यादीत असेल, पण बोर्ली पंचतनात ते कुणी वापरलं नाही. पोटी मूल नव्हतं, नवरा लवकर गेला, गोठ्यात एक तांबडी गाय, तांबू. तेवढ्यावर गावानं तिचं नाव ठेवलं आणि तिनंही ते मिरवलं.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तिच्याकडे एकच औषध होतं. ताप आला, दूध-हळद. परीक्षा आली, दूध. माझं नवऱ्याशी भांडण झालं तेव्हाही तांब्या घेऊन आली. "आदी ह्ये पी, मग भांड. अंगात ताकद नको व्हय?" भांडण तिथंच संपलं. हसताना कसलं भांडता येतंय!

माझी सई झाली तेव्हा सासूबाई नव्हत्या, नवरा माणगावला नोकरीला आणि मी इथल्या बँकेत. रजा संपली तशी तांबूच्या आईनं न विचारताच सईचा ताबा घेतला. माझं दूध पुरेना म्हणून पावडरचं सुरू केलं, तर पोरीच्या अंगावर चट्टे, उलट्या आणि एक दिवस शीमध्ये रक्त. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे. पावडरही गाईच्याच दुधाची, म्हणून तीही बंद. दूध, तूप, काही म्हणजे काही नको. त्यांनी दुसऱ्या पावडरचा डबा लिहून दिला, तांदळातल्या प्रथिनांपासून बनवलेली. तो डबाही अलिबागहूनच आणावा लागे.

हे ऐकून तांबूच्या आईचा चेहरा पडला. "माज्या तांबूच्या दुदात काय खोट हाय गो?"

"खोट नाही हो काकी. हिच्या पोटाला चालत नाही."

"वासराला चालतं, गावाला चालतं, हिलाच कसं न्हाय चालत?" असं म्हणून ती फुरंगटून गेली. तिची समजूत काढायची म्हणून दुसऱ्या दिवशी मी डबाच तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "अहो, तांदळापासूनच करतात हे. आपला तांदूळच आहे, असं समजा."

"तांदूळ?" तिनं डब्याचा वास घेतला. नाक मुरडलं, पण चेहरा निवळला. तांदळातलं तिला कुणी शिकवायला नको होतं.

मी कामावर जाई आणि ती तो डबा बाजूला ठेवी. कुठल्या कारखान्यात, कधी दळलेलं, कुणी सांगावं! त्यापेक्षा घरच्या शेतातला तांदूळ बरा. तो धुवायचा, वाळवायचा, मंद भाजायचा, जात्यावर दळायचा, मग मऊ पेज शिजवून फडक्यातून गाळायची. बाटलीत भरल्यावर एक थेंब मनगटावर टाकून बघायचा आणि मग सईला मांडीवर घ्यायचं. पावडर कालवण्याच्या दसपट खटाटोप. तिला तो प्रेमाचाच भाग वाटे. इकडे मी डबा लवकर संपत नाही म्हणून खूश होते. अलिबागची खेप वाचत होती ना.

सई शांत झाली. किती गुणाची पोर, म्हणून आळीनं कौतुक केलं. मग तिची पावलं सुजल्यासारखी दिसू लागली आणि आम्ही तिघी अलिबागला गेलो. सई तांबूच्या आईच्या मांडीवर. वजन वाढलेलंच नव्हतं. दिवसभर काय देता, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मी काही बोलायच्या आत तीच अभिमानानं म्हणाली, "डब्यातलं न्हाय देत मी. ताजी पेज देते, घरच्या तांदळाची."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश समजावलं. पेजेनं पोट भरतं, पण बाळ वाढायला जे लागतं ते तिच्यात नसतं. डब्यात तांदळातलं प्रथिन वेगळं काढून घातलेलं असतं, वर स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं. ते बोलत असतानाच तांबूच्या आईनं सईला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर तिनं सईला कधीच घेतलं नाही.

सई दवाखान्यात राहून बरी झाली, पुढे चांगली गुटगुटीतही झाली. मी तांबूच्या आईला परोपरीनं सांगितलं, "काकी, चूक माझी. तांदूळच आहे असं मीच म्हटलं होतं."

"तू बोललीस. पन ढवळलं कुनी?"

आयुष्यभर गावाला दूध वाटणारी ही बाई दोष मात्र वाटून घ्यायला तयार नव्हती. सगळा एकटीनं घेऊन बसली. सई रांगत तिच्या ओटीवर गेली की ती हात पाठीमागे धरी. पोर तिच्या लुगड्याला धरून उभी राही, आणि ही मला हाका मारी, "ने गो हिला, ने!" शेवटी तिनं तांबूही माणगावजवळच्या भाच्याला देऊन टाकली. "दूद बगितलं की ते पाय दिसतात मला," म्हणाली. मी तिला नको म्हटलं, पण तोंडदेखलं. शेजारचं दूध गेलं याचं मला आतून हायसं वाटलं होतं. ते आजही मला खातं.

गेल्या दिवाळीनंतर ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अलिबागच्या डॉक्टरांनी सईला समोर बसवून चमच्या-चमच्यानं दूध पाजलं, दिवसभर थांबवून ठेवलं आणि म्हणाले, अ‍ॅलर्जी गेली, आता सगळं द्या. येताना एसटीत मला रडू आवरेना. ज्या दारात ही बातमी आधी सांगायची, त्याला कुलूप होतं.

परवा तिचा भाचा आला. हातात स्टीलचा डबा.

"तांबू व्याली. चिकाचा खरवस हाय. आत्येनं सांगून ठेवलं होतं, तांबू व्याली की पयला खरवस सईला." मग तो जरा घुटमळला. "पन आदी डॉक्टरला इचारा, असं बी म्हनाली होती. तेवढं इचारल्याबिगर देऊ नका."

"विचारलंय," मी म्हटलं. "चालतं आता."

सईनं वडी खाल्ली, बोटं चाटली. "आणखी दे," म्हणाली. मी दिली. मग तिनं विचारलं, हे कुणी केलं?

"तांबूच्या आईनं," मी म्हटलं.

"ती मला घ्यायची नाही ना?"

मी तिच्या हातावर तिसरी वडी ठेवली.