गारिफालिया झोपेत गेली नाही

माझी नणंद गारिफालिया शांतपणे, झोपेतच गेली, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी तिथं होते.

आमचं गाव ग्रीसमधल्या आग्राफाच्या डोंगरात, डांबरी रस्ता संपतो तिथं. चौकात चिनाराखाली गावातलं एकुलतं एक कॉफीघर, ते तिचं. नवरा जर्मनीला कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा तिचा स्तेर्गिओस पाळण्यात होता. गाव म्हणालं, पुरुषांच्या अड्ड्यावर बाईमाणसानं उभं राहायचं नसतं. ती म्हणाली, "मग आपापल्या बायकांच्या हातची कॉफी प्या घरी." घरी कोणी प्यायला नाही. पुढं सगळा जन्म तिनं त्याच चुलीपुढं काढला. कॉफी उकळली, दारू ओतली, भांडणं सोडवली आणि जो जास्त बोलला त्याला दार दाखवलं. माझा नवरा लांब्रोस तिचा सख्खा भाऊ, पण त्यालासुद्धा एकदा कॉलर धरून बाहेर काढलं होतं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. अंगावरचं मांस झडलं, डोळे पिवळे झाले. स्तेर्गिओस अथेन्सहून आला आणि तिला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरनं तपासलं, मुलाला व्हरांड्यात नेलं, दार ओढून घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. फार दिवस नाहीत. आईला सांगू नका, धीर सोडेल. स्तेर्गिओसनं तिला सांगितलं, "पित्ताचे खडे आहेत आई, औषधानं विरघळतील." मग त्यानं गावात एकाला सांगितलं, त्यानं दुसऱ्याला. आठवड्यात अख्ख्या गावाला ठाऊक झालं. मलाही. मी म्हटलं, "तिला सांग." तो म्हणाला, "मामी, तू यात पडू नकोस."

पण ती काय दुधखुळी होती? एका सकाळी तिनं चौघांना कॉफी दिली. त्यात वांगेलिस होता. हा माणूस इतकी वर्षं रोज तिच्या कॉफीला नावं ठेवायचा: पातळ झाली, गोड झाली, थंड झाली. त्या दिवशी त्यानं घोट घेतला, कसाबसा गिळला आणि म्हणाला, "वा गारिफालियाबाई, तुझ्या हाताला चव आहे!"

"आहे ना?" ती म्हणाली. "चमचाभर मीठ आहे त्यात."

कोणी मान वर करेना.

"अरे बोला की! वांगेलिस, तुझी जीभ झडली का? मीठ घातलेली कॉफी गोड म्हणून पितोस? मरतंय कोण? मीच ना? मग मला सोडून सगळ्या गावाला कसं ठाऊक?" तिनं ट्रे टेबलावर असा आदळला की पेल्यांतलं पाणी सांडलं. "तुम्ही माझ्या पाठीमागं माझंच मरण वाटून खाताय!"

वांगेलिस उठला आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. ती आणखी चिडली. "रडू नकोस. आधी मला रडू दे."

दुसऱ्याच दिवशी तिनं मुलाला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं डॉक्टरकडं गेलो. तो बोलत होता, पण बघत होता स्तेर्गिओसकडं. हिनं टेबलावर हात आपटला. "डॉक्टरसाहेब, तो माझा मुलगा आहे, माझं पोट नाही. इकडं बघा." तेव्हा कुठं त्यानं तिच्याकडं तोंड केलं आणि सांगितलं. तिनं तीन गोष्टी विचारल्या. दुखेल किती? कुठवर उभी राहू शकेन? दुखणं थांबवायचं औषध गावात कोण देईल? एकेक उत्तर ऐकून ती मान हलवत होती.

परतताना घाटात तिनं गाडी थांबवायला लावली. खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मला म्हणाली, "एवान्थिया, मला भीती वाटते."

"भिऊ नकोस ना आई," स्तेर्गिओस घाईघाईनं म्हणाला.

"का नको? मरायचं मी आणि भ्यायचंही नाही? एवढं तरी करू द्या मला."

तिच्या शेजारी मी जाऊन बसले. बकऱ्या आल्या, गेल्या.

तिनं घरी पडून राहायला नकार दिला. कॉफीघरातच, चुलीच्या बाजूला खाट टाकली. गल्ल्यामागं मी उभी राहायला लागले, आणि ती खाटेवरून मला शिव्या घालायची: "कॉफीचा फेस मोडलास! भांडं उचल लवकर!" माणसं दबक्या आवाजात बोलली की ती ओरडायची, "मी अजून इथं आहे. पत्ते आपटून खेळा."

मग लोकांची रीघ लागली. बायका खाटेभोवती बसायच्या, हात जोडायच्या, आणि तोंडाकडं बघत राहायच्या. जणू आता ही काही मोलाचं बोलेल. आमचे पाद्री पापा-विसारिओन म्हणाले, "मुली, या घडीला देव माणसाला शहाणं करतो. दोन शब्द सांग आम्हाला."

"पाद्रीबाबा, मला मरण येतंय, शहाणपण नाही," ती म्हणाली. "ती खिडकी लावा, वारा लागतोय."

एके दिवशी अपोस्तोलिस आला, गुडघ्यांवर बसला. या माणसानं ऐन उमेदीत बायकोला इतकं मारलं की ती, ख्रिसूला, कॉफीघराच्या मोरीत लपायला यायची. शेवटी गारिफालियानंच तिला वोलोसला तिच्या बहिणीकडं पोचवलं होतं. तो म्हणाला, "माफ कर. जाताना मनात काही ठेवू नकोस."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "मार मी खाल्ला का? ख्रिसूला जिवंत आहे. जा वोलोसला, तिच्या दारात बस, आणि ती हाकलेल तेव्हा ऊठ. इथं स्वस्तात काम उरकायला आलास होय? ऊठ."

बायका कुजबुजल्या, मरतानाही हिचा राग जात नाही. का जावा? मरणाऱ्यानं सगळ्यांची पापं धुऊन द्यायची, वर हसायचं, ही कुठली रीत?

पानगळीच्या सुमारास दुखणं हाताबाहेर गेलं. ती उशी चावायची. खालच्या गावातल्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर मॉर्फिन देताना हात आखडायचा. म्हणाला, "जास्त दिलं तर सवय लागेल."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "डॉक्टर, महिन्याभरात ती मातीखाली असेल. सवय कुणाला लागणार, मातीला?"

तो म्हणाला, नियम आहेत.

मी परत आले आणि डॉक्टरचं ते 'सवय लागेल' कॉफीघरात ओरडून सांगितलं. वांगेलिसनं पत्ते खिशात घातले, टेबल उचललं, बाकीच्यांनी खुर्च्या उचलल्या आणि वांगेलिसच्या टेम्पोत टाकल्या. आरोग्य केंद्राच्या दारातच त्यांनी टेबल मांडलं आणि डाव वाटला. पत्ते असे आपटायचे की आत रुग्ण दचकायचे. डॉक्टर बाहेर आला. "हे काय चाललंय?"

"आम्हाला सवय आहे," वांगेलिस म्हणाला. "औषध मिळेस्तोवर खेळणार."

दुपारपर्यंत औषध मिळालं, पुरेसं, आणि रोज येऊन सुई टोचायला एक नर्सही. इतकं सोपं होतं ते! मग त्याआधीच्या त्या रात्री तिनं कशासाठी काढल्या? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

त्यानंतर दुखणं आवरलं, पण भीती गेली नाही. ती भीती लपवत नव्हती, एवढंच. म्हणायची, "आज जास्त वाटतेय, जवळ बस." मी बसायची. कधी म्हणायची, "आज नाही वाटत, जा, कपबशा विसळ." शेवटच्या दुपारी तिनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. श्वास अडकत होता. "आहेस ना?" तिनं विचारलं. "आहे," मी म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं. मग तिनं विचारलं नाही.

अंत्यविधीला पापा-विसारिओन म्हणाले, "आपली भगिनी लेकरासारखी निजली. ओठांवर तक्रार नव्हती." मी उभी राहिले. चर्चमध्ये असं कोणी करत नाही. म्हटलं, "तक्रार होती. तिला दुखलं, ती भ्याली, आणि तिनं आम्हाला तसं तोंडावर सांगितलं. जमेल कुणाला एवढं इथं?"

स्तेर्गिओस माझ्याशी त्या दिवसापासून बोलत नव्हता. मेलेल्याच्या नावानं चाळिसाव्या दिवशी वाटायचा गहू मी एकटीनंच उकडला, डाळिंबाचे दाणे घातले, साखर पेरली. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामी, सगळ्यांसमोर माझ्या आईची अब्रू घालवलीस. लोकांना काय वाटलं असेल?"

"तुला काय वाटलं ते सांग," मी म्हटलं.

पलीकडं त्याचा आवाज फुटला. "मी घाबरलो होतो, मामी. तिच्यापेक्षा जास्त. म्हणून सांगितलं नाही."

माझा राग उतरला नाही. पण फोन मी ठेवला नाही.